जांभळं पाणी

७ डिसेंबर, रविवार

गाडीतून शिरोली धुऊन काढायची, असं आज ठरवलं.

घर झालं. पडदे झाले, पंख्यांची पाती झाली, गाद्यांना ऊन दाखवून झालं. आप्पांचे शिरोलीच्या फौंड्रीतले, लोखंड ओतायच्या कारखान्यातले, खाकी कपडे आईने एका सकाळी गपचूप बोहारणीला देऊन टाकले. राहिली ती गाडी.

दिवाळीच्या आधी डॉक्टरबाईंनी आप्पांच्या छातीचा फोटो उजेडापुढे धरला, तेव्हा त्यात बारीक बारीक चांदण्या दिसत होत्या. फौंड्रीतली धूळ, त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांची. ती आता निघायची नाही, पण आणखी जाऊ द्यायची नाही. जराही नाही. सकाळी स्वच्छ हवेत फिरा. त्या आठवड्यात आप्पांनी शिरोलीची नोकरी सोडली. आता रोज सकाळी गाडी घेऊन रंकाळ्यावर फिरायला जातात. त्यांचे फौंड्रीतले जुने मित्र केरबाकाका तिथे सोबतीला असतात म्हणे. मी तेव्हा दूध संकलन केंद्रावर फॅट तपासत असते, त्यामुळे त्यांना निघताना मी कधी बघत नाही. परत येतात तेव्हा चेहरा शांत असतो, एवढं खरं.

गाडी मात्र आठ वर्षं रोज फौंड्रीच्या आवारात उभी असायची. लांबून पांढरीशुभ्र दिसते. जवळ जाऊन पाहिलं, तर रंगावर नारिंगी ठिपके, कुणी चिमटीने तिखट भुरभुरल्यासारखे. हातात प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर बोटं फिरवली. पिशवीतून खरखर जास्त कळते. बारीक वाळूच्या कागदावर हात फिरतोय असं वाटलं.

लहानपणी मी सारखी आजारी असायचे, म्हणून शाळेत गेले ती थेट तिसरीत. तोवर घरीच शिकले. वाचायला आईने शिकवलं आणि पारखायला आप्पांनी. ते फौंड्रीतून नापास झालेले लोखंडाचे लहान तुकडे आणायचे आणि मला डोळे मिटायला सांगून विचारायचे, "सांग, कुठं चुकलंय?" मी बोटाने छिद्र शोधायचे. अजून कुठलीही गोष्ट बोट फिरवल्याशिवाय मला खरी वाटत नाही. हा गुण की दुखणं, कोण जाणे.

१० डिसेंबर, बुधवार

शाहूपुरीतल्या गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले होते. एवढ्या बाटल्या असतील असं वाटलं नव्हतं. काचेच्या कपाटात निळ्या, गुलाबी, हिरव्या, मागून उजेड येत होता आणि सगळं दुकान सरबताचं वाटत होतं. मला उगाच तहान लागली.

दुकानदार मुनव्वर माझ्याच वयाचा असेल. मी प्रत्येक बाटली उलटी करून मागचं बारीक वाचत होते. भांड्याचा साबण रंगावरचं मेण काढतो, म्हणून तो नको. गाडीचा शाम्पू घ्यायचा, पण सौम्य. डॅशबोर्डचं पॉलिश चमकणारं घेतलं तर काचेत प्रतिबिंब पडून आप्पांच्या डोळ्यांवर येणार. बिनचमकीचं घेतलं तर त्याला लिंबाचा उग्र वास. वास म्हणजे छातीत जाणारच. मी तिसऱ्यांदा "बिनवासाचं नाही का?" विचारलं.

"ताई, लोकं पोरगा बघताना बी एवढी चौकशी करत न्हाईत," मुनव्वर म्हणाला.

"पोरगा छातीत जात नाही," मी म्हणाले. मग मला फार लाज वाटली, आणि तो मात्र हसत सुटला.

शेवटी त्यानेच आतून एक बाटली काढली. आयर्न रिमूव्हर. लोखंड काढायचं औषध. "फवारा मारला की पाण्यागत दिसतंय. लोखंडाची धूळ सापडली की जांभळं होतंय. न्हाय सापडली तर तसंच ऱ्हातंय. चाकं कायम जांभळी होणार, ब्रेकची धूळ असती, त्याला घाबरायचं न्हाय. वास मात्र सडक्या अंड्याचा हाय, आधीच सांगतो."

मी ती बाटली किती तरी वेळ हातात धरून उभी होते. लोखंड काढायचं तर वास सोसायचा. वास टाळायचा तर लोखंड राहणार. आप्पांना घरात बसवून, दारं-खिडक्या लावून फवारायचं, असं मनाशी ठरवल्यावरच घेतली.

१४ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा होता.

साखर कारखान्याचा हंगाम जोरात आहे. आमच्या बावड्यात सकाळपासून मळीचा गोड वास आणि चिमणीतून काजळीचे काळे कपटे. ते इतके हळू उतरतात की त्यांना पडायचं आहे की नाही हेच ठरलं नसावं. आप्पा रंकाळ्यावरून आल्यावर त्यांना आतल्या खोलीत बसवलं. एक बादली शाम्पूची, एक धुतलेला हातमोजा खळबळायची. वरून खाली, सरळ रेषेत, गोल गोल नाही. गोल फिरवलं की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात.

मग हातमोजे आणि मास्क घालून औषध फवारलं. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग सगळीकडून एकदम, आतून फुटल्यासारखं, जांभळं. छतावरून ओघळ निघाले, दारांवरून उतरले, नंबरप्लेटवरून थेंब थेंब पडू लागले. पांढरी गाडी रडते आहे आणि तिचे अश्रू जांभळे आहेत असं वाटलं. मला भीतीही वाटली आणि डोळेही हलेनात. आठ वर्षं फरशीवरून वाहत गटारीकडे चालली होती.

शेजारचे बाळासोकाका कुंपणावरून डोकावले. "काय गं संयू, गाडीनं जांभळं खाल्ली काय? ओकायला लागली ती!"

"लोखंड निघतंय, काका."

"लोखंड निघतंय? मग चाकं तरी ठेव."

धुऊन, टिपून, मेण लावलं. त्यानंतर बॉनेटमध्ये आभाळ आलं. अख्खं. एक बगळा माझ्या हाताखालून गेला.

वास गेल्यावर आप्पा बाहेर आले. त्यांनी बॉनेटवर तळहात फिरवला, डोळे मिटून, माझी परीक्षा घेतल्यासारखा. "झाली की नवी." मग ते गटारीकडे बघत राहिले. पाण्यात अजून जरा रंग होता.

"सगळं गेलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि आत गेले. दमले असतील.

२३ डिसेंबर

स्वप्न पडलं. आप्पा रंकाळ्याच्या पाण्यावरून चालत होते आणि त्यांच्या पावलांखाली पाणी जांभळं होत होतं. मी काठावरून हाका मारत होते, "वरून खाली, सरळ रेषेत!" जाग आली तेव्हा ते शेजारच्या खोलीत खोकत होते. एकदाच.

४ जानेवारी, रविवार

माझं काहीतरी चुकलंय.

आज नुसतं धुवायचं होतं. खात्री म्हणून छताच्या कोपऱ्यावर औषधाचे दोन फवारे मारले. जांभळं झालं. मग बॉनेटवर मारले. तिथेही. चाकांचं मी समजू शकते. पण छत?

मी चौदा तारखेला घाई केली असणार. किंवा पाणी मारून धुताना काही राहून गेलं. मी त्या दिवशी आप्पांना छातीठोकपणे "सगळं" म्हणाले होते.

६ जानेवारी

मुनव्वरला विचारलं, बाटली नकली तर नाही ना.

त्याचा चेहरा पडला. "ताई, आज्याच्या वेळेपासनं दुकान हाय. नकली विकलं तर आजा स्वप्नात येऊन कान पिळंल." मग त्याने दुसऱ्या कंपनीची बाटली पुढे ठेवली. "ही वापरून बघा. आणि बावड्यात ऱ्हाताय न्हवं? कारखान्याची राख पडत असंल."

राख! हे मला कसं सुचलं नाही? घरी आल्या आल्या गच्चीवरचे काळे कपटे स्टीलच्या ताटलीत गोळा केले आणि दोन्ही औषधं फवारली. अर्धा तास ताटलीजवळ बसले. कपटे भिजले, विखुरले, काळेच राहिले. दुधात पाणी आहे की नाही ते मी रोज सांगते, पण माझ्याच अंगणातल्या गाडीवर काय आहे ते सांगता येत नाही.

११ जानेवारी, रविवार

बाळासोकाकांची गाडी आमच्याच गल्लीत, तशीच उघड्यावर असते. म्हणून त्यांना म्हटलं, मी धुऊन देते.

"धू की! वर्षात एकदा पाऊस धुतोय, आणि आता तू." खुर्ची टाकून ते बघत बसले.

त्यांच्या छतावर, दारांवर, दोन्ही औषधं. काही नाही. पाण्यासारखं पाणी. काका जरा हिरमुसले. "माझीला जांभळं येत न्हाय व्हय? भारीतलं औषध वापर की जरा."

आमच्या गाडीला आजही आलं. आणि एक नवीन गोष्ट दिसली. ड्रायव्हरच्या बाजूला जास्त, डाव्या बाजूला कमी. म्हणजे औषध बरोबर आहे, मीही बरोबर धुतलं होतं. गाडी जिथे उभी राहते तिथे उजवीकडे काहीतरी आहे. रंकाळ्यावर कुठे लोखंडाचं काम चाललं असेल, ग्रिल कापत असतील.

जेवताना विचारलं, "आप्पा, रंकाळ्यावर गाडी कुठं लावता?"

"झाडाखाली."

"कुठल्या?"

"एकच झाड हाय व्हय तिथं?"

"जरा दुसरीकडं लावत चला. तिथं लोखंडाची धूळ उडते. तुमच्या छातीला..."

आईने मध्येच माझ्या ताटात भाकरी वाढली. "खा गप. जेवताना छाती न् फुप्फुसं." मी आधीच दोन खाल्ल्या होत्या.

१४ जानेवारी, संक्रांत

गाडीत मुंग्या! ड्रायव्हरच्या दारातून एक बारीक ओळ चालली होती, इतकी शिस्तीत की मोडायला जीव होईना. मुंग्यांचं औषध आत फवारायचा प्रश्नच नव्हता. शेवटी साखर ठेवून त्यांना बाहेर काढलं. दाराच्या कप्प्यात वर्तमानपत्राचे कागद निघाले, एकात एक खोचलेले, सगळ्यांना गूळ चिकटलेला.

फौंड्रीत पाळी सुटली की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गळ्यातली धूळ गूळ धुतो म्हणतात. डॉक्टरबाई तसं मानत नाहीत, पण आप्पांच्या फौंड्रीत सगळे मानत. आईसुद्धा तेव्हा रोज सकाळी त्यांच्या खिशात एक पुडी घालायची, तिथला पुरला नाही तर म्हणून. लहान असताना मी आप्पा आले की खिसा चाचपायचे. उरलेल्या गुळाला लोखंडाची चव यायची आणि मला ती आवडायची.

आईला विचारलं, हा गूळ कुठला?

"मी देते. सकाळी." ती तीळ भाजत होती, मान वर केली नाही. "सवय हाय त्यांची."

रंकाळ्यावरच्या हवेला गूळ कशाला, असं म्हणणार होते. पण सणाच्या दिवशी नको म्हटलं. सवयी माणसाच्या किती मागून चालत येतात.

१९ जानेवारी

डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. जिना चढताना आप्पा मधल्या पायरीवर थांबले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्यासारखं केलं. ते मागच्या वर्षीचं होतं.

नळीत फुंकायची तपासणी झाली. आकडा मागच्या वेळेपेक्षा जरासा खाली. बाईंनी दोनदा फुंकायला लावलं.

"स्वच्छ हवेत फिरताय ना, गणपतराव?"

"रोज. रंकाळ्यावर."

"मग असं का?" हे त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, कागदाशी बोलल्या.

येताना मी पुढच्या सीटवर होते. ऊन तिरपं पडलं होतं आणि डॅशबोर्डवर बारीक करडी धूळ दिसत होती, रविवारी पुसलेल्या डॅशबोर्डवर. मी पांढऱ्या रुमालाने पुसलं आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. का, ते तेव्हा माहीत नव्हतं. किंवा होतं.

२० जानेवारी

रुमाल मागच्या दारी दगडावर पसरला. फवारलं. डोळे मिटले. मनात म्हटलं, पाण्यासारखं राहू दे.

उघडले तर घडीच्या रेघांपासून जांभळं पसरत होतं, हळूहळू, गोकर्णीचं फूल उमलावं तसं.

म्हणजे आत. म्हणजे काच खाली. म्हणजे तिथे बसून श्वास घेतात. मी महिनाभर बाटल्या बदलत बसले होते.

आईला सांगितलं तर ती कोसळेल. खाकी कपडे देऊन टाकताना तिने बदल्यात भांडंसुद्धा घेतलं नव्हतं. नाही सांगितलं तर माझ्या गप्प राहण्याने त्यांची छाती भरत जाणार. आज केंद्रावर एकाच म्हशीचं दूध दोनदा तपासलं आणि दोनदा वेगळं आलं.

आधी डोळ्यांनी बघायचं. न बघता आरोप नको.

२२ जानेवारी

सकाळचं दूध झाल्यावर रजा घेतली. आधी रंकाळ्यावर गेले. तसं करणं मला न्याय्य वाटलं. सगळा फेरा घातला. प्रत्येक झाडाखाली बघितलं. पाण्यावर धुकं होतं आणि माणसं त्यातून येऊन त्यातच जात होती. आमची गाडी कुठेच नव्हती. मग पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीला.

फौंड्रीच्या फाटकाशी मफलर गुंडाळलेला पहारेकरी पुढे आला. "काय पावणं, कुणाकडं?" आणि मग, "अगं, संयू न्हवं तू?"

केरबाकाका. रंकाळ्यावर फिरणारे केरबाकाका, हातात काठी, गळ्यात शिट्टी.

मी काही विचारायच्या आधीच ते बोलू लागले. "आत न्हाय सोडत मी त्यांना. देवाशपथ. ते बी मागत न्हाईत. भिंतीच्या कडंला गाडी लावत्यात, बसत्यात, जात्यात. मी म्हनतो, गणपतराव, घरला जावा. तर म्हनत्यात, गाडी माझी, रस्ता सरकारचा, तू तुजं फाटक बघ."

गाडी घासाई विभागाच्या, म्हणजे ओतलेलं लोखंड घासतात तिथल्या, भिंतीला लागून होती, उजवी बाजू भिंतीकडे, काच पूर्ण खाली. मी मागचं दार उघडून बसले.

"केरबा, दार हळू लाव. पत्रा हाय," आप्पा मागे न बघता म्हणाले.

मी हळू लावलं. मग त्यांनी आरशात पाहिलं. आम्ही दोघं आरशातच एकमेकांकडे बघत राहिलो, समोरासमोर बसायची हिंमत नसल्यासारखे.

"कसं कळलं?"

"रुमाल जांभळा झाला."

ते हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला संपेपर्यंत मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुजं औषध लई चुगलखोर हाय," ते म्हणाले.

"आप्पा, रंकाळा?"

"गेलतो की. पयल्या आठवड्यात गेलतो. पाण्याकडं बघून काय बघायचं? लोकं पळत्यात, त्यांची कुत्री पळत्यात. तिथं मी कोन? घरात तर लई शांत असतंय गं. तू दुधाला, आई कामात. घड्याळ ऐकत बसायचं." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "गप आता. ओतायलेत."

भिंतीच्या वरच्या झरोक्यातून उजेड आला. नारिंगी, जिवंत. तो गाडीच्या बॉनेटवर पडला, मी चौदा डिसेंबरला लावलेल्या मेणावर, आणि तिथे हलू लागला. एवढ्या बाटल्या उलट्या करून मी जी चकाकी आणली होती, तिच्यात लोखंडाचा रस उतरत होता. मला राग यायला हवा होता. मी श्वास रोखून बघत होते.

आतून धप्प, धप्प असा आवाज येऊ लागला. साचे फोडत होते. "ऐक," आप्पा कुजबुजले. "हा नीट निघाला. हा बी. ह्यो बघ, ह्यो ओला ऱ्हायलेला. नापास." त्यांचा चेहरा असा मी दिवाळीनंतर पाहिला नव्हता.

आणि भिंतीवरून बारीक करडं धुकं उतरत होतं, उघड्या काचेतून आत.

"काच वर करा, आप्पा."

"मग ऐकू कसं येनार?"

मी पुढे वाकले आणि त्यांच्या हाताखालचं बटण दाबलं. काच चढली. सगळा कारखाना पाण्याखाली गेल्यासारखा झाला. आप्पा सीटवर मागे टेकले. इतके म्हातारे दिसले की मला बटण पुन्हा दाबावंसं वाटलं. मी हात मांडीखाली घेतला.

मग त्यांनी सावकाश काचेला तळहात लावला. डोळे मिटले.

"येतंय," ते म्हणाले.

"काय?"

"हाताला येतंय की. लाव बघू."

मी मागच्या काचेला हात लावला. आधी नुसता गारवा. मग खूप लांबून, कुणी झोपेत कूस बदलावी तशी, धप्प. मी डोळे मिटले. धप्प. "सांग," ते म्हणाले, मी सहा वर्षांची असताना म्हणायचे त्याच आवाजात. "पास का नापास?"

मला सांगता आलं नाही. पण विचारलं त्यांनी.

२५ जानेवारी, रविवार

गाडी धुताना बोलणं झालं. आठवड्यातून एकदाच जायचं. काच वर, आतली हवा आत फिरवायची.

"एसी लावून बसू व्हय, सायबागत?"

"साहेबासारखे बसा. आणि डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगायचं."

"त्या वरडतील."

"ओरडू देत."

ते बराच वेळ पाइप धरून उभे होते. पाणी नुसतंच वाहत होतं आणि मला पाण्याचं वाईट वाटत होतं, तरी मी बोलले नाही. मग म्हणाले, "तुला कसं कळनार, मी काच खाली केली का न्हाय ते?"

मी पांढरं कापड दाखवलं. दर रविवारी डॅशबोर्ड ह्याने पुसणार, मागच्या दारी नेऊन फवारणार. "बाहेरून कितीही जांभळी होऊ दे. आतून पांढरं पाहिजे. एकदा जरी जांभळं झालं, तरी आईला सांगणार."

"आईला नगं," ते पटकन म्हणाले. "तिला झेपायचं न्हाय."

आम्ही दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत खलबत्त्याचा आवाज चालला होता. तो मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

२९ जानेवारी

आप्पांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पाठ केल्यासारखं. "शिरोलीला जातो. भाईर गाडीत बसतो. काच वर असती. आधी नसायची."

डॉक्टरबाईंनी मागचा आकडा पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाल्या, "हे मला पसंत नाही, गणपतराव. पण तुम्ही खरं बोललात, म्हणून आता मला औषध तरी देता येईल. तिथे बसायचं ते थोडाच वेळ. आणि दोन महिन्यांनी आकडा खाली दिसला, तर तेही बंद."

जिन्यावर आप्पा पुन्हा थांबले. ह्या वेळी कॅलेंडरकडे बघितलं नाही. माझा खांदा धरला.

७ फेब्रुवारी

काच पुसायचं औषध घ्यायचं राहिलं होतं. मुनव्वरने तीन बाटल्या मांडल्या आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "ही बिनवासाची. तुमच्यासाठी मागवून ठेवलीया." मग म्हणाला, "वडिलांची तब्येत बरी हाय न्हवं?" मी कधी सांगितलं होतं ह्याला? बिनवासाचं एवढी गिऱ्हाइकं मागत असतील, मी एकटीच थोडी असेन. बाटली घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार

आप्पा परवा जाऊन आले. मी जाणूनबुजून सोबत गेले नाही. सोबत गेले असते तर परीक्षा माझी झाली असती.

आज बाहेरून फवारलं. छत, बॉनेट, उजवी बाजू, सगळं जांभळं. बाळासोकाका कुंपणावरून म्हणाले, "आमचीला कवा येनार गं असं?" ऊन कोवळं होतं, कपटे उतरत होते, ओघळ सावकाश फरशीवर येऊन एकमेकांना भेटत होते. मी ते धुतलं. मग आत बसून पांढऱ्या कापडाने डॅशबोर्ड पुसला, कडा, कोपरे, जिथे बोट जेमतेम जातं तिथेही. कापड मागच्या दारी नेऊन दगडावर पसरलं. फवारलं.

पहिल्यांदा काही होतच नाही, हे मला माहीत आहे. म्हणून थांबले. आप्पा आत वर्तमानपत्र वाचत होते, पान मात्र उलटत नव्हतं. कापड ओलं झालं, पारदर्शक झालं, खालच्या दगडाच्या शिरा दिसू लागल्या. मी थांबले. रुमालाला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या दुप्पट थांबले. मग खात्री म्हणून आणखी.

मागे आई येऊन उभी होती. हात पिठाचे. किती वेळ उभी होती, मला माहीत नाही.

"पांढरंच ऱ्हायलं न्हवं?" तिने विचारलं.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. आप्पांनीही नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला दाराच्या कप्प्यातले ते गुळाचे कागद आठवले, एकात एक खोचलेले.

मी कापड उचलून तिच्यापुढे धरलं. तिने ते उजेडावर धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, जसा डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला होता. मग माझ्या खांद्यावर टाकून पदराला हात पुसले.

नवीन बाटली घेऊन मी गाडीकडे गेले, तीही आली. काच बाहेरून पुसून झाली. आतून पुसायला ड्रायव्हरचं दार उघडलं, तर काचेवर आप्पांचा पंजा उमटला होता. पाचही बोटं, तळहाताच्या रेषा, करंगळीवरची भाजल्याची खूणसुद्धा. उन्हात तो हात काचेला आतून टेकून उभा असल्यासारखा दिसत होता.

मी बाटलीचं टोपण काढलं.

"तेवढं ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.